रक्तातला चुना

दादाचा धंदा पाडकामाचा. जुन्या इमारती पाडायच्या, राडारोडा उचलायचा आणि जागा तळहातासारखी साफ करून मालकाच्या ताब्यात द्यायची. इमारत हाताशी नसली की दादा माणसं पाडायचा. हात रिकामा राहू नये एवढाच त्यामागे हेतू. वैर असं त्याचं कुणाशीच नव्हतं. मार खाल्लेला माणूस उठायचा, अंगावरची धूळ झटकायचा आणि कामाला लागायचा. संध्याकाळी दादा त्यालाच मोटरसायकलवर मागे बसवून घरी सोडायचा. टोळीतले लोक याला दादाचं मोठं मन म्हणायचे.

हे मन सगळ्यांत जवळून पाहिलं होतं मेहुण्याने, कारण तो दादाच्या बायकोचा धाकटा भाऊ होता. टोळीत त्याला दुसरं नावच नव्हतं. कॉलेजची दोन वर्षं त्याने तीनदा केली, तेव्हा ताईने नवऱ्याला सांगितलं, याला कुठेतरी लावा. दादाने त्याला पाडकामावर लावलं आणि पहिल्याच दिवशी एक कानाखाली लावली. त्याचं कारण शिट्टी.

पाडकामाच्या जागी बोललेलं ऐकू येत नाही. काँक्रीट फोडणारा ब्रेकर धडधडत असतो, पोकलेनचं इंजिन गुरगुरत असतं, वरून विटा येत असतात. म्हणून दादा सगळं काम शिट्टीवर चालवायचा. दोन आखूड शिट्ट्या म्हणजे थांबा. एक लांब म्हणजे ओढा. आणि शिट्टी झाली की विचारायचं नाही. नियम शहाणपणाचा होता, हे दादाच्या शत्रूनेही मान्य केलं असतं. भिंत निम्मी झुकलेली असताना ‘नक्की ओढू ना?’ असं विचारणारा माणूस भिंतीला सवड देतो, आणि सवड मिळालेली भिंत स्वतःला हवी तिकडे पडते. पहिल्या दिवशी मेहुण्याने ‘पण आत्ताच का?’ एवढंच विचारलं होतं. त्याच्या उजव्या कानात थंडीच्या दिवसांत अजून बारीक आवाज येतो.

नियम सर्वांत निष्ठेने पाळायचा तो बुटका. बुटका पोकलेन चालवायचा. त्याचे पाय पेडलला जेमतेम पोचायचे, पण शिट्टी आणि लिव्हर यांच्यामध्ये त्याचं डोकं आजवर एकदाही आलं नव्हतं. “विचार करायला दादा आहे. मी ओढायला आहे,” असं तो नवीन माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचा.

मग दादाला तहान लागली.

आधी ती उन्हाची वाटली. ऊन उतरलं, तहान उतरेना. साऱ्या टोळीसाठी आणलेला पाण्याचा जार दादा दुपारच्या आत एकटा संपवायचा, पाडायच्या भिंतीच्या आडोशाला जाऊन रिकामा व्हायचा आणि येऊन पुन्हा जाराला तोंड लावायचा. “दादा भिंत मऊ करून घेतोय,” बुटका म्हणाला. हे त्याने दादा भिंतीआड असतानाच म्हटलं.

तहानेपाठोपाठ पोट साफ होईना. जेवण नको झालं. पँट ढिली होऊन कमरेला दोर आला. पाठ दुखायला लागली, मग मांड्या, मग सगळंच. खोकला होताच, पण तो जुना. तो धुळीचा की बिडीचा, हा वाद कधी सुटला नव्हता.

घरी ताईने निदान केलं. हाडं दुखतात म्हणजे हाडांत कॅल्शियम कमी पडलं, हे तिला टीव्हीवरच्या जाहिरातीतली पांढऱ्या कोटातली बाई रोज सांगत होती, आणि औषधाच्या दुकानदाराने त्याला दुजोरा दिला. तिने मोठ्या पांढऱ्या गोळ्यांची बाटली आणली. सकाळी दूध, रात्री दूध, मधल्या वेळात नवऱ्याला गॅलरीत कोवळ्या उन्हाला बसवणं. दादा गोळी गिळायचा, दुधाचा पेला भिंतीवर फोडायचा आणि उन्हात बसल्या बसल्या झोपून जायचा. ताई काचा वेचायची आणि दुसऱ्या पेल्यात दूध ओतायची. दादाने आपल्यावर कधी हात उचलला नाही, असं ती माहेरी सांगायची, आणि सांगून झालं की लगेच विषय बदलायची.

कामावर वेगळीच अडचण झाली. दादाचा मार चुकायला लागला.

चूक ब्रेकरवाल्याची, थप्पड डंपरवाल्याला. डंपरवाल्याने पुढे उभं राहून निमूट खाल्ली, पण नंतर तो बराच वेळ धुसफुसत होता. “माराला माझी ना नाही,” तो म्हणाला, “पण आपल्या नावाचा असावा ना माणसाला. दुसऱ्याचा का म्हणून खायचा?” टोळीला हे पटलं. पुढे मार चुकत तर गेलाच, शिवाय त्याचं माप सुटलं. पाणी उशिरा आणलं म्हणून दादाने पाणीवाल्याच्या टाळक्यात त्याचाच भरलेला जार घातला. माणूस पायरीवर गुडघ्यांत मोडून बसला आणि आपण कोण हे त्याला संध्याकाळी आठवलं. वॉचमनने गुड मॉर्निंग म्हटलं म्हणून हेल्मेट काढून त्याच्या तोंडावर हाणलं. आणि हे सगळं करून झालं की दादा उभ्या उभ्या पेंगायचा. हेल्मेटला रक्त तसंच.

एकदा तर दोर बांधायच्या आधीच त्याने लांब शिट्टी मारली. बुटक्याने अर्थातच ओढलं. सुटा तारेचा दोर सापासारखा उलटला आणि पोकलेनच्या केबिनची काच बुटक्याच्या मांडीवर आली. बुटक्याने मांडीतले तुकडे एकेक करून उपटले. “दादाच्या मनात काहीतरी असेल,” तो म्हणाला.

मेहुणा तेव्हा दादाच्या शेजारी उभा होता. दादाच्या मनात काही नव्हतं, हे त्याने दादाच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. पण त्याने तोंड उघडलं नाही. उजवा कान गेलाच होता. डावा राहावा असं त्याला वाटत होतं.

पुढचं काम सिनेमागृहाचं. खुर्च्या निघाल्या, छप्पर उतरलं, बाजूच्या भिंती खाली बसवल्या. शेवटी उरली पडद्याची भिंत. उंच, कोरी, एकसंध. ना खिडकी ना दार, आधाराला शेजारी दुसरी भिंत नाही. पाडकामवाले अशा भिंतीला घाबरतात, फक्त तसं म्हणत नाहीत. तिच्या पोटातले लोखंडी खांब खालून कापायचे, वरून तारेचा दोर घ्यायचा आणि पोकलेनने ओढून मोकळ्या मैदानावर निजवायची. शेवटचे दोन खांब कापायला गॅस कटरवाला आणि त्याचा जोडीदार भिंतीच्या पायथ्याशी खड्ड्यात उतरले होते. ते बाहेर येऊन दादासमोर उभे राहायचे, दादाने दोघांच्या छातीला बोट लावायचं, मग शिट्टी. हा इतक्या वर्षांचा नेम.

दादा मैदानाच्या कडेला सिनेमागृहाच्याच एका फाटक्या खुर्चीत बसला होता. मेहुणा शेजारी उभा. खड्ड्यातून कटरच्या ठिणग्या दिसत होत्या.

“इंटरव्हल झाला का?” दादाने विचारलं.

मेहुण्याला वाटलं, दादा विनोद करतोय. दादाने विनोद केल्यावर हसायचं असतं, म्हणून तो हसला.

“दात काढू नको. पिक्चर कधी सुरू करणार?”

“दादा, ते दोघं आत आहेत अजून. खांब चाललाय.”

“कोण दोघं?” असं म्हणून दादाने शिट्टी तोंडात घातली. लांब. छातीतला सगळा वारा संपेपर्यंत.

बुटक्याने लिव्हर ओढलं.

जमिनीवर पडलेला दोर उचलला गेला. त्याच्यावरची धूळ गळाली. मेहुण्याच्या मनात पहिलं काय आलं असेल, तर शिट्टी झाली. म्हणजे आता विचारायचं नाही. ते त्याच्या पायांपर्यंत जाऊन पोचलं. पाय नियमाप्रमाणे दोन पावलं मागेही सरले. मग दोर ताठ झाला, भिंतीच्या माथ्यावरून पहिली वीट सुटली आणि खड्ड्यात ठिणग्या अजून उडतच होत्या.

मेहुण्याने दादाच्या जबड्यावर ठोसा मारला.

आयुष्यात त्याने कुणाला मारलं नव्हतं, खाल्लं मात्र भरपूर होतं. त्यामुळे कुठे मारायचं ते त्याला माहीत होतं आणि किती जोरात, ते नव्हतं. काहीतरी कटकन वाजलं. खुर्चीसकट दादा मागे गेला. शिट्टी, एक दात आणि रक्ताची गुळणी एकदमच बाहेर आली. मेहुणा मातीत गुडघ्यांवर पडला, शिट्टी शोधली, तोंडात घातली. पहिल्या फुंकरीला नुसता लाल बुडबुडा आला. त्याने ती मांडीवर आपटली आणि पुन्हा फुंकली. दोन आखूड.

बुटका थांबला. कुणी मारली, हे बघायलासुद्धा तो वळला नाही. शिट्टी ती शिट्टी.

भिंत ओणवी होऊन थांबली. माथ्याचा एक ढलपा सुटून खड्ड्याच्या तोंडावर फुटला आणि मैदानभर धूळ झाली. तिच्यातून टोळीला जे दिसलं ते एवढंच: दादा उताणा, तोंड रक्ताने भरलेलं, आणि त्याच्यावर मेहुणा, हातात दादाची शिट्टी.

ते धावत आले आणि त्यांनी मेहुण्याला मारायला सुरुवात केली. डंपरवाल्याने फावड्याच्या दांड्याने, ब्रेकरवाल्याने बुटाने. मेहुणा काही सांगायला तोंड उघडायचा आणि त्यात माती जायची. एक बरगडी गेली तेव्हा त्याला आवाज आला. दुसरी गेली ती नुसती कळली. इतक्यात कटरवाला आणि जोडीदार खड्ड्यातून वर आले. कटरवाल्याचा खांदा विटेने फुटला होता, शर्ट रक्ताने चिकटला होता. समोर मारामारी चाललेली दिसली. कुणाला आणि का, हे न विचारता तेही मारायला लागले.

“दादा उठत नाहीये,” कुणीतरी ओरडलं, तेव्हा थांबले.

दादाचे डोळे अर्धे उघडे होते. श्वास होता, पण हाकेला ओ नव्हती. बुटक्याने मेहुण्याच्या केसांना धरून त्याचं तोंड त्या ओणव्या भिंतीकडे वळवलं. “बघून ठेव,” तो म्हणाला. “दादाला काही झालं ना, तर तुला हिच्याखाली झोपवतो आणि मी स्वतः ओढतो. शिट्टीसुद्धा लागायची नाही मला.”

बुटका बोलल्याप्रमाणे करणारा माणूस होता. दुसरं काही करायची कल्पनाच त्याला सुचत नसे.

दोघांनाही एकाच टेम्पोत टाकून इस्पितळात आणलं. ताई आली ती घरच्याच चपलांवर. तिने नवऱ्याचा सुजलेला जबडा पाहिला, मग भावाकडे पाहिलं. “तू?” एवढंच विचारलं. मेहुण्याने होकाराची मान हलवली. तिने पाठ फिरवली आणि त्यानंतर तो खोलीत असल्याचंच ती विसरून गेली, ठरवून.

मेहुण्याला भिंतीलगतच्या बाकावर बसवलं होतं. एका बाजूला डंपरवाला, दुसऱ्या बाजूला ब्रेकरवाला, पाहुण्याला सोडायला आल्यासारखे चिकटून. समोर खाटेवर दादा. आत रक्त तपासायला गेलं होतं, आणि त्या रक्तात जे निघेल त्यावर आपण भिंतीखाली जायचं की नाही हे ठरणार, हे मेहुण्याला स्वच्छ कळत होतं. श्वास घेतला की बरगडी टोचत होती, म्हणून तो काटकसरीने श्वास घेत होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कित्येक दिवसांत धड झोपलेल्या दिसत नव्हत्या. हातात कागद घेऊन आल्या. “यांना तहान फार लागत होती का?”

“जारच्या जार,” बुटका म्हणाला.

“लघवी?”

सगळे एकमेकांकडे बघून हो म्हणाले.

“पोट साफ नाही, भूक नाही, हाडं दुखतात, मधेच झोप, मधेच संताप, बोलण्यात असंबद्धपणा?”

“संताप पहिल्यापासून आहे,” ताई म्हणाली. “बाकीचं हल्लीचं.”

“मेंदूच्या फोटोत मार दिसत नाही. दात गेलाय, जबड्याला चीर आहे, ते बरं होईल. बेशुद्धी त्याची नाही.” त्यांनी कागदावर बोट ठेवलं. “रक्तातलं कॅल्शियम साडेदहाच्या आत असावं लागतं. यांचं सोळाला टेकलंय.”

“कॅल्शियम म्हणजे आपला चुनाच ना?” कटरवाल्याने विचारलं. जुन्या भिंती पाडण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. चुन्याशी त्याची ओळख होती.

“तसंच समजा.”

“रक्तात चुना कुठून आला?”

ताईने पिशवीतली गोळ्यांची बाटली पदराखाली घेतली. डॉक्टरीणबाईंना ती दिसली. “त्या आजपासून बंद,” त्या म्हणाल्या, “पण एवढं त्या गोळ्यांनी होत नाही. हे हाडांतून आलंय.” मग भिंतीवरच्या दिव्यावर त्यांनी छातीचा फोटो लावला. उजव्या फुफ्फुसात मुठीएवढा पांढरा ढग होता. “ही गाठ. बहुतेक कॅन्सर. आता ऐका. आपल्या मानेत डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की त्या हाडांना हुकूम सोडतात, थोडं द्या. पुरेसं झालं की गप्प बसतात. ही गाठ त्या हुकमासारखंच दिसणारं एक प्रोटीन बनवते. हुबेहूब नाही, पण हाडांना फसवण्याइतकं सारखं. यांच्या ग्रंथी केव्हाच गप्प झाल्या असणार. गाठ मात्र ओरडतेच आहे, आणि हाडं देतच आहेत.”

“हाडांना कळत नाही, की हे दुसरंच कुणीतरी बोलतंय?”

“नाही कळत.”

“विचारत नाहीत?”

“हाडं काय विचारणार हो?”

यानंतर टोळीतल्या कुणालाच कुणाच्या तोंडाकडे बघावंसं वाटेना. कटरवाला आपल्या खांद्याची पट्टी चाचपत बसला.

“म्हणजे याच्या ठोशाने नाही?” बुटक्याने जरा नाराजीनेच विचारलं.

“ठोसा बसला नसता तर यांना आणलं असतंत का तुम्ही?”

मेहुण्याला याचं उत्तर माहीत होतं, आणि ते त्याला आवडलं नाही. ज्या दिवशी सुटा दोर उलटला त्या दिवशीच आणता आलं असतं.

“सलाइन जोरात चालू ठेवायचंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “इंजेक्शनं दिलीत. एक लवकर लागू होतं, दुसऱ्याला दोनतीन दिवस लागतात. तोवर नळी निघता कामा नये. हे असंच वर गेलं तर हृदय बंद पडेल.” एवढं सांगून त्या दुसऱ्या खाटेकडे गेल्या.

दादा उठला तो तेव्हाच.

उठला म्हणजे अंगातलं काहीतरी उठलं. त्याने हाताला लावलेली नळी पाहिली आणि मुळासकट उपटली. रक्ताची चिळकांडी चादरीवर गेली. नर्स धावली, तिच्या गळ्यावर कोपर बसलं, ती औषधांच्या ट्रॉलीवर आदळली आणि ट्रॉलीसकट खाली गेली. सलाइनचा खांब आडवा झाला. “कुणी आणलं मला इथे?” दादा फुटक्या जबड्यातून गरजला. “घरी चला! उचला मला!”

टोळी उभीच होती. कुणी हललं नाही. दादाने त्या साऱ्यांवरून नजर फिरवली, दोन बोटं तोंडात घातली आणि रक्ताळलेल्या हिरड्यांतून एक लांब शिट्टी मारली.

मग मात्र सगळे हलले. डॉक्टरीणबाईंचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं, सगळ्यांना पटलंही होतं. ते डोक्यात होतं. शिट्टी गेली थेट हातापायांत. बुटक्याने खाटेची कड धरली, डंपरवाला दादाच्या काखेत हात घालायला पुढे झाला, ब्रेकरवाल्याने दरवाजा लाथेने उघडला. ताई नवऱ्याचे कपडे घड्या घालून पिशवीत भरायला लागली. तिला रडू येत होतं आणि घड्या नीट पडत होत्या.

मेहुणा बाकावरून उठला आणि दादाच्या अंगावर पडला.

उडी मारायचा विचार होता. बरगड्यांनी पडणंच मंजूर केलं. पडला तो छातीवर. दादाने त्याच्या डाव्या कानाचा लचका तोडला. मेहुणा किंचाळला, पण उठला नाही. वरून डंपरवाल्याची बुक्की पाठीत आली, ब्रेकरवाल्याने पाय धरून ओढलं. “अरे, हा दादा नाही!” मेहुणा दादाच्या छातीत तोंड खुपसून ओरडत होता. “गाठ बोलतेय रे, गाठ!” ऐकणाऱ्याला तो वेडा झालाय असंच वाटलं असतं. बुटक्याने सलाइनचा लोखंडी खांब उचलला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर नेला.

तो खाली आला नाही. कटरवाल्याने फुटक्या खांद्याच्याच हाताने त्याचं मनगट पकडलं होतं.

“सकाळी मी आत होतो,” कटरवाला म्हणाला.

“सोड. शिट्टी झालीय.”

“सकाळीपण अशीच झाली होती. मी आत होतो, बुटक्या. तू ओढत होतास आणि मी आत होतो.”

बुटक्याने हात सोडवायला हिसका दिला आणि कटरवाल्याच्या नाकावर डोकं आपटलं. कटरवाल्याने मनगट सोडलं नाही. नाकातून धार लागली, तरी तो तेच एक वाक्य म्हणत राहिला, जोर न करता, पत्ता विचारल्यासारखं. जोडीदाराने मागून बुटक्याला मिठी मारली. खांब खणखणत फरशीवर पडला. बुटका क्षणभर रिकामे हात घेऊन उभा राहिला. लिव्हर नसलेला बुटका कुणी पाहिलाच नव्हता. त्याने खाटेकडे पाहिलं. दादाने मेहुण्याच्या गळ्यात बोटं रुतवली होती आणि मेहुण्याचे ओठ निळे पडत होते.

बुटका वाकला आणि त्याने दादाचा पाय धरला.

दादाची लाथ त्याच्या पोटात बसली. बुटक्याला ओकारी झाली, पण त्याने पाय सोडला नाही. मग डंपरवाल्याने एक हात धरला, ब्रेकरवाल्याने दुसरा, आणि मेहुण्याचा गळा सुटला. राहिलेला पाय कुणाला आवरेना. ताईने पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, खाटेवर चढली आणि नवऱ्याच्या गुडघ्यांवर बसली.

धावत आलेल्या डॉक्टरीणबाईंनी दादाच्या दुसऱ्या हातात सुई घातली. दादा बायकोला शिव्या देत होता. त्यातल्या काही तिने याआधी ऐकल्या नव्हत्या. ऐकण्याची तिला सवय होती, बसण्याची नव्हती. तरी ती हलली नाही. घटका दोन घटकांनी शिव्यांतले शब्द विरत गेले, नुसता सूर राहिला, मग तोही नाही. बाटलीतलं पाणी थेंबथेंब न पडता धारेने जात होतं. ताईने घाम पुसला आणि खाटेलगत फरशीवर बसलेल्या भावाकडे पहिल्यांदा पाहिलं. कान हाताने दाबून तो वेड्यावाकड्या अंगाने श्वास घेत होता.

“बरगड्यांचा फोटो काढून घे,” ती म्हणाली. “इथे आलोच आहोत तर.”

तिसऱ्या दिवशी दादाने पाणी मागितलं आणि एक पेला पिऊन पुरे म्हणाला. ते ऐकून ताई बाहेर जाऊन रडून आली. कॅल्शियम अकराच्या आसपास उतरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी त्याला गाठीचं सगळं सांगितलं. उपचार करता येतील. पण काढून टाकण्याची वेळ गेली. रक्तातलं हे आज उतरलंय, काही आठवड्यांनी पुन्हा चढेल. दादाने मान डोलावली, मालक इमारतीची कागदपत्रं समजावून सांगतो तेव्हा डोलवायचा तशी. त्या गेल्यावर त्याने मेहुण्याला जवळ बोलावलं. मेहुण्याच्या छातीला पट्टा होता आणि डाव्या कानावर बँडेज.

“दोघं आत होते?” दादाने विचारलं.

“हो.”

“आहेत?”

“आहेत. कटरवाल्याचं नाक मोडलं, पण ते इथे.”

दादाने छताकडे पाहिलं. ते चांगलं बांधलेलं छत होतं.

“भिंत?”

“काल पाडली. मी खुर्चीत बसून होतो.”

“शिट्टी कुणी दिली?”

“मीच. पण बुटका दर शिट्टीला केबिनमधून खाली उतरायचा, माणसं मोजायचा, माझ्यापर्यंत चालत यायचा आणि ‘नक्की ना?’ विचारून परत जायचा. अख्खा दिवस गेला.”

“हरामखोर,” दादा म्हणाला. मग त्याने हात उचलला आणि मेहुण्याच्या गालावर मारली. मारली म्हणजे नुसता तळवा येऊन गालाला टेकला. त्यात ताकद नव्हती, पण माप पहिल्यासारखं होतं. “काच फुटली तेव्हाच का नाही मारलंस मला? त्या दिवशी बघत होतास तू. मला आठवतंय. उशीर केलास.”

हा मार मात्र मेहुण्याच्याच नावाचा होता.

दादाचा हात गालावरून खाली आला. “डॉक्टरीण म्हणाली, पुन्हा चढणार. मी घरी असेन तेव्हा. तू कामावर असशील.” त्याने खिडकीशी कपडे वाळत घालणाऱ्या बायकोच्या पाठीकडे पाहिलं. “घरात ही एकटी. माझं डोकं पुन्हा फिरलं तर हिने काय करायचं?”

ताईने ओला टॉवेल दोनदा झटकला आणि गजावर पसरला.

“मारीन की,” ती म्हणाली.

“तू?”

“बघून बघून जमतंच थोडं.”